फेब्रुवारीतलं गाव, जुलैतलं गाव: एसटीच्या एका फेरीचं प्रकरण

बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, बालाघाटच्या पठारावरच्या गावांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. शाळेच्या वेळेची गाडी बंद झाली. आगारात विचारलं तर उत्तर मिळतं की भारमान मिळत नाही, म्हणजे गाडीची आसनं पुरेशी भरत नाहीत. गावकरी म्हणतात, पोरं-पोरी रोज फाट्यापर्यंत पायी जातात आणि तुम्ही प्रवासी नाहीत म्हणता. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. आगाराने पाहिलेला महिना वेगळा असतो, गावाने पाहिलेला वेगळा.

हे प्रकरण त्या दोन महिन्यांमधल्या अंतराचं आहे. इथलं गाव नमुना म्हणून उभं केलं आहे. त्याचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, ते कुठल्याही एका गावाचे नाहीत. कायदे, योजना, तारखा आणि जिल्ह्याचे आकडे मात्र खरे आहेत.

गावाची मांडणी

गाव ३०० उंबऱ्यांचं. राज्यमार्गावरच्या फाट्यापासून ६ किलोमीटर आत. फाट्यापुढे ३ किलोमीटरवर बाजाराचं गाव, तिथं आठवी ते बारावीची शाळा. तालुका आणि एसटीचं आगार गावापासून २० किलोमीटर. महसुली गाव एकच, पण वस्ती तीन तुकड्यांत: गावठाणात ९००, दीड किलोमीटरवरच्या तांड्यावर ४३०, शेतवस्त्यांवर मिळून २१०. एकूण १५४० माणसं. हा आकडा जुलैचा.

जानेवारीत याच गावात ११८० माणसं सापडतात. उरलेली ३६० ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गावठाणातून ७५ कोयते, तांड्यावरून ५०, वस्त्यांवरून १५, असे १४० कोयते बाहेर पडतात. ती २८० माणसं झाली आणि त्यांच्यासोबतची ८० लेकरं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या, म्हणजे मजूर जमवून नेणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळ्या निघतात; कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे म्हातारी माणसं, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहिलेली शाळकरी मुलं आणि ज्यांना थोडीफार बागायत आहे अशी घरं उरतात.

एका गावाचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. अडचण तेव्हा येते, जेव्हा सरकारी कागदावर यातला एकच उतरतो.

जनगणनेत काय उतरतं

२०११ च्या जनगणनेची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, १ ते ५ मार्च फेरतपासणी झाली, आणि संदर्भाचा क्षण होता १ मार्चची सुरुवात. नियम असा होता की माणूस नेहमी जिथं राहतो तिथं या काळात केव्हाही हजर असेल तर तिथं मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथं सापडेल तिथं मोजायचा. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली.

आता ही तारीख ऊसतोडीच्या हंगामावर ठेवून पाहा. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचा भर. नियम काटेकोर पाळला तर आपल्या गावातली ही ३६० माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, कोप्यांत (तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत) मोजली जायला हवीत. आपल्या गावाच्या खात्यावर ती येणार नाहीत. नियम सैल पाळला गेला तर दोन प्रकारच्या चुका होतात. घरातली आजी सवयीने म्हणते, ‘आमच्यात आठ जण’, आणि प्रगणक आठही नावं लिहून घेतो. तळावरही त्यांची नोंद झाली तर तीच माणसं दोनदा मोजली जातात. किंवा घराला कुलूप दिसतं, तिकडे तळ दुसऱ्या फडावर (तोडणीच्या शेतावर) हललेला असतो, आणि माणूस दोन्हीकडून सुटतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती नंतर कुठल्याही कागदावरून सापडत नाही.

याच जनगणनेची घरयादी मात्र २०१० च्या उन्हाळ्यात झाली होती. तेव्हा तोडणीवाले गावी असतात. त्यामुळे घरयादीतली कुटुंबं आणि फेब्रुवारीतली कुटुंबं यांत फरक दिसला तर तो लगेच चूक समजू नये. आधी स्थलांतराची खूण म्हणून पाहावा.

बीड जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार, आणि त्यातली पाचात चार माणसं ग्रामीण. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. काही जण हा आकडाही ‘पोरं बाहेर होती’ म्हणून झटकतात, ते चुकीचं आहे. आईबापांसोबत मुलगेही जातात आणि मुलीही. स्थलांतराने बालकांची एकूण संख्या घटते, मुलींची तेवढी घटायचं कारण नाही. मात्र एकट्या गावाचं गुणोत्तर काढून निष्कर्षाला जाऊ नये. ६० मुलगे आणि ५० मुली असलेल्या गावात चार जन्म इकडचे तिकडे झाले तरी आकडा शेकड्याने हलतो.

गावाचा तक्ता उघडताना आणखी एक दक्षता घ्यावी. नावावरून शोधू नका, गावाच्या सहा अंकी संकेतांकावरून शोधा. एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात, बुद्रुक आणि खुर्द यांचे आकडे अदलाबदल होऊन अर्जात शिरतात, आणि काही गावं बेचिराख म्हणून शून्य लोकसंख्येची असतात. तांड्याचं नाव त्यात बहुतेक वेळा नसतंच. जनगणनेचं एकक महसुली गाव आहे, तांडा त्याच्या पोटात जातो.

वाहतुकीच्या रकान्याचंही असंच. जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या गाव-निर्देशिकेत सार्वजनिक बससेवा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिलं जातं. नसेल तर जवळची सोय ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० मध्ये की १० च्या पुढे, एवढं अक्षराने दाखवतात. दिवसातून एक गाडी अकरा वाजता येऊन गेली तरी उत्तर ‘आहे’. तांडा दीड किलोमीटरवर चिखलात असला तरी ‘आहे’. या एका शब्दाच्या आधारावर ‘तुमच्या गावाला बस आहेच की’ असं कुणी म्हणालं तर त्याला वेळापत्रक दाखवावं लागतं.

३६० माणसांनी काय काय हलतं

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. १५०० पर्यंत ७ सदस्य, १५०१ ते ३००० ला ९, आणि असं चढत ७५०० च्या वर १७. आपलं गाव १५४० धरलं तर ९ सदस्य, ११८० धरलं तर ७. तांड्याला आपला हक्काचा प्रभाग मिळतो की तो गावठाणाच्या प्रभागात विरघळतो, हे बऱ्याचदा या दोन जागांवर अवलंबून असतं.

रस्त्याचं गणित आणखी थेट आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येची वस्ती हा निकष होता, आणि आधार २००१ ची जनगणना. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात आधार २०११ ची जनगणना आहे. देशभरात २५ हजार वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते, मुदत २०२८-२९ पर्यंत. सपाट भागाला निकष पुन्हा ५००. मराठवाड्यातली महसुली गावं पहिल्या टप्प्यांत बहुतेक जोडली गेली आहेत. उरले आहेत ते तांडे, वाड्या आणि वस्त्या, म्हणजे नेमकी तीच ठिकाणं जिथून कोयते सर्वांत जास्त जातात.

आपला तांडा ४३० चा. एकटा बसत नाही. पण या योजनेत ५०० मीटरच्या परिघातल्या वस्त्या मिळून एक धरता येतात. तांड्याजवळच्या दोन शेतवस्त्यांत ९५ माणसं आहेत. ४३० आणि ९५ मिळून ५२५, तांडा पात्र. जानेवारीचे आकडे घेतले तर तांड्यावर ३०० आणि वस्त्यांवर ७५, मिळून ३७५, तांडा बाद. मागणी मांडताना हे दोन मुद्दे एकत्र न आल्यामुळे पात्र तांडे मागे राहतात: कुणी वस्त्या जोडायच्या विसरतं, कुणी हंगामी आकडा देतं.

गावाने स्वतः मोजायचं

गावात लोकसंख्या सांगणाऱ्या वह्या कमी नाहीत, पण प्रत्येक वही वेगळ्या कामासाठी असते. मतदार यादीत पुण्याला, भोसरीला कायमची गेलेली माणसंही असतात, कारण मतदानाला ती येतात. रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं राहतात. अंगणवाडीच्या नोंदवहीत लहान मुलं आणि गरोदर माता अचूक असतात, बाकीच्यांबाबत ती ढिली पडू शकते. शाळेच्या पटावर नाव असतं, पण मूल जानेवारीत तळावर असू शकतं. आशा ताईंची कुटुंब नोंदवही यांत सर्वांत वापरण्याजोगी, कारण त्या घरोघर जातात आणि कोण कुठं गेलंय ते त्यांना ठाऊक असतं. ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम आलेलं आहे. ती यादी नीट झालेली असेल तर अर्धं काम तिथंच होतं.

मोजणी दोनदा करावी. एक जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पेरण्या उरकल्यावर आणि शाळा सुरू झाल्यावर. दुसरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ३०० उंबऱ्यांना चार जोड्या पुरतात. जोडीने दिवसाला २५ घरं केली तर तीन दिवसांत काम होतं, चौथा दिवस बंद सापडलेल्या घरांसाठी ठेवावा. प्रत्येक घरासाठी एवढंच लिहावं: घर कुठल्या तुकड्यातलं (गावठाण, तांडा, कुठली वस्ती), आज घरात किती माणसं, बाहेर किती आणि कुठल्या कारखान्याला, किती कोयते, शिकणारं कोण, कितवीत, कुठल्या गावाच्या शाळेत, ६५ च्या पुढचं कोण, घरात दुचाकी आहे का. जात, उत्पन्न, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, हे विचारू नये. उचलीचा प्रश्न निघाला की बाकीची उत्तरंही मिळेनाशी होतात.

आणि एक प्रश्न सर्वांत शेवटी, शांतपणे विचारायचा: सातवी, आठवी किंवा दहावीनंतर घरातल्या कुणाची शाळा सुटली का, आणि कशामुळे. गाडीच्या मागणीत हा आकडा सर्वांत जड असतो. फाट्यावर उभं राहून मोजलं तर जे प्रवास करतात तेच दिसतात. ज्या मुली गाडी नाही म्हणून घरी बसल्या त्या फाट्यावर कधीच दिसणार नाहीत.

फाट्यावरची मोजणी वेगळी. तीन दिवस करावी: बाजाराचा दिवस, एक साधा वार आणि शनिवार. सकाळी ६ ते रात्री ८, दोन माणसं पाळीने. वेळ, गाडी कोणती (एसटी, काळीपिवळी, टमटम, दुचाकी, ट्रॅक्टर), आपल्या गावच्या वाटेने आलेली किती माणसं चढली, कुठं चालली, कशासाठी. राज्यमार्गावरून सरळ जाणारी वाहनं यात धरू नयेत. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परतला म्हणून दोन माणसं लिहू नयेत, तो एक माणूस आणि दोन प्रवास. अर्जात ‘रोज २०० प्रवासी’ असं फुगवून लिहिलं जातं ते बहुधा या चुकीतून. आगाराकडे तिकीट यंत्राची नोंद असते, फुगवलेला आकडा पहिल्या आठवड्यातच उघडा पडतो आणि मग खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

शनिवार मुद्दाम सांगितला आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. पावणेदहाची गाडी त्या दिवशी मुलांच्या कामाची राहत नाही, आठवड्यातला सहावा दिवस रिकामा जातो आणि महिन्याचं भारमान खाली ओढतो. शनिवारची वेळ वेगळी मागायला हवी, ती कुणी मागत नाही.

भारमानाचा हिशेब

भारमान म्हणजे गाडीची जेवढी आसनं जेवढे किलोमीटर धावली, त्यांतली किती भरलेली होती. ४४ आसनांची गाडी, आगार ते गाव आणि परत, ४० किलोमीटर. म्हणजे १७६० आसन-किलोमीटर.

जुलैतल्या साध्या दिवशी, वेळ बरोबर असेल तर: येताना तालुक्याहून गावापर्यंत ४ माणसं, २० किलोमीटरप्रमाणे ८०. जाताना ३२ विद्यार्थी बाजाराच्या गावापर्यंत ९ किलोमीटर, म्हणजे २८८. गावातून तालुक्याला १२ माणसं, २४०. बाजाराच्या गावात विद्यार्थी उतरल्यावर १५ जण चढतात, ११ किलोमीटर, १६५. बेरीज ७७३. भारमान सुमारे ४४ टक्के.

डिसेंबरात तीच फेरी: येताना २ माणसं, विद्यार्थी २२, तालुक्याला ५, बाजाराच्या गावातून तेच १५. बेरीज ५०३. भारमान साडेअठ्ठावीस टक्के. आगाराने डिसेंबर-जानेवारीचे कागद पाहून फेरी बंद केली तर त्यांच्या दृष्टीने ते चुकलेलं नसतं.

पण आता तिसरा आकडा बघा. जुलैच आहे, गावात सगळी माणसं आहेत, फक्त गाडी पावणेदहाऐवजी पावणेबाराला येते. ३२ विद्यार्थी गेले. ७७३ मधून २८८ वजा, राहिले ४८५. भारमान साडेसत्तावीस. वेळ दोन तासांनी चुकली तर ३६० माणसं गाव सोडून गेल्याएवढा, किंबहुना थोडा जास्तच, खड्डा पडतो. स्थलांतर थांबवणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, वेळ बदलून मागणं आहे. म्हणून अर्जाची पहिली ओळ ‘गाडी सुरू करावी’ अशी नसावी. ‘गाडी ९.४५ ला गावात यावी आणि ९.५० ला निघावी’ अशी असावी, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीने शाळेची वेळ व गावनिहाय विद्यार्थी यादी सोबत जोडलेली असावी.

संध्याकाळीही तेच. शाळा पाचला सुटते. तालुक्याहून साडेचारला निघालेली गाडी पाचच्या आधीच बाजाराच्या गावातून निघून जाते, आणि मुलं तिच्या मागे टमटमला लटकतात. गाडी बाजाराच्या गावात सव्वापाचला हवी.

मुक्कामी गाडीचा आग्रह अनेक गावं धरतात. मुक्काम असेल तर रिकामं येणं वाचतं, हे खरं. फक्त सकाळची एक बाजू धरली तर ८८० आसन-किलोमीटरांत ६९३ भरतात, जवळजवळ ७९ टक्के. पण हा आकडा या गावाला लागू होत नाही. मुक्कामी गाडी आगाराला सकाळी साडेसहा-सातला हलवावी लागते, चालक-वाहकाची पाळी आणि गाडीची पुढची फेरी त्यावर बांधलेली असते. ती पावणेदहापर्यंत गावात उभी राहू शकत नाही. साडेसहाला शाळेची मुलं नाहीत. ज्या गावाचं कनिष्ठ महाविद्यालय सकाळी आठचं आहे, त्याने मुक्काम जरूर मागावा, आणि मागण्याआधी चालक-वाहकाला झोपायला बंद खोली, शौचालय, पाणी, दिवा याची सोय करून ठरावात लिहावी.

आपल्या गावाला खरा उपाय येणाऱ्या रिकाम्या बाजूत आहे. बाजाराच्या गावातली शाळा एकट्या आपल्या गावाची नाही. तालुक्याच्या बाजूनेही तिथं मुलं आणि शिक्षक येतात. गाडी तालुक्याहून नऊला निघाली तर ती १८ माणसं ११ किलोमीटर आणते, १९८. जुलैची बेरीज ७७३ वरून ९७१, भारमान ५५ टक्के. डिसेंबरात ५०३ चे ७०१, म्हणजे जवळपास ४० टक्के. ज्या फेरीचं हिवाळ्यातलं भारमान २८ वरून ४० वर जातं, ती हिवाळ्यात बंद पडण्याचं कारण उरत नाही. यात तोटा एवढाच की तिकडची मुलं शाळेत साडेनऊच्या आत पोचतात, तासभर आधी. शाळेने एक वर्ग लवकर उघडायचं कबूल केलं तर तेही सुटतं. म्हणून अर्ज एकट्या गावाचा नको. दोन्ही बाजूंची गावं आणि शाळा यांचा मिळून एकच हवा.

सवलतींबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, ७५ च्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत. विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत, आणि ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास. ‘फुकटातली माणसं भारमानात कशाला धरतील’ असं समजून गावातले आजोबा शून्य रकमेचं तिकीट घेतच नाहीत. घ्यायलाच हवं. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं ती नोंदीवरून, आणि यंत्रातून तिकीट निघालं नाही तर तो प्रवासी त्या फेरीत नव्हताच. तालुका मानव विकास मिशनच्या (मागास तालुक्यांसाठीच्या राज्याच्या योजनेच्या) १२५ तालुक्यांपैकी असेल तर मुलींसाठीच्या निळ्या गाडीचीही मागणी त्याच विद्यार्थी यादीवर करता येते.

आणि टमटमवाल्यांना शत्रू समजू नये. तीन माणसांच्या परवान्यावर दहा जण कोंबणं धोक्याचं आहे, ते थांबायलाच हवं. पण गाव ते फाटा ६ किलोमीटरची जोड दिवसभर तेच देतात. एसटीच्या दोन फेऱ्या शाळेच्या वेळेला आणि मधल्या वेळेला ठरलेल्या तासांना टमटम, अशी वाटणी ग्रामपंचायतीने बसून केली तर दोन्ही टिकतात.

गाडी यायची तर रस्ता

आगार नवी फेरी देण्याआधी रस्ता पाहतं. ६ किलोमीटरचा डांबरी रस्ता ३.७५ मीटर रुंद. एसटी साधारण अडीच मीटर रुंद. समोरून ट्रॉली आली की एक चाक साइडपट्टीवर उतरणारच. पठारावर मुरमाड जमीन आहे तिथं साइडपट्टी धरून राहते. ओढ्याकाठी काळ्या मातीचा पट्टा येतो, तिथं मुरूम टाकलेला नसेल तर पावसात चाक रुततं आणि चालक दुसऱ्या दिवशी फाट्यावरूनच गाडी वळवतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. डांबराला कडेने लांब भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं. तिथं खड्डा बुजवत बसण्यापेक्षा कडेची नाली मोकळी करणं आणि साइडपट्टी बाहेरच्या उताराने मुरमाने बांधणं जास्त टिकतं.

चौथ्या किलोमीटरला फरशी पूल आहे. नळ्यांत काटेरी झुडपं आणि प्लास्टिक अडकलं की पाणी वरून जातं. मे महिन्यात नळ्या साफ करणं हे ग्रामपंचायतीचं एका दिवसाचं काम आहे, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहू नये. पुलाच्या दोन्ही टोकांना रंगवलेले खांब लावावेत, म्हणजे फरशीची कड आणि पाण्याची उंची चालकाला दिसते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, आणि गावकऱ्यांनी तसा आग्रहही धरू नये.

गावात शिरल्यावर दोन गोष्टी आडव्या येतात. एक, वळायची जागा. बारा मीटर लांबीच्या गाडीला एका दमात वळायला सुमारे २५ मीटर व्यासाचं मोकळं मैदान लागतं. तेवढं नसेल तर तिठ्यावर मागे घेऊन वळता येईल अशी जागा, पण ती शाळेच्या दारात नको. मारुतीच्या पारासमोर उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्या तिथून हलवाव्या लागतील. दोन, लोंबत्या तारा. रस्ता ओलांडणारी लघुदाब तार ५.८ मीटरच्या वर आणि उच्चदाब तार ६.१ मीटरच्या वर असायला हवी. कमी असेल तर खांबाचा क्रमांक लिहून वीज कंपनीकडे लेखी द्यावं, तोंडी सांगून हे काम होत नाही.

रस्ता ग्राम सडक योजनेतला असेल तर पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं त्याची दुरुस्ती गुत्तेदाराकडे असते. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फलकावर ती तारीख लिहिलेली असते. फलक पडायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवावा. तो नसल्यामुळे मुदतीतल्या खड्ड्यांवर ग्रामपंचायतीचा पैसा खर्च होतो.

ठराव केव्हा आणि नोंद कशी

ग्रामसभा वर्षातून ठरलेल्या चार दिवशी होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला आपले १४० कोयते फडावर असतात. गाडीचा, तांड्याच्या रस्त्याचा ठराव त्या दिवशी घेतला तर ज्यांचा प्रश्न आहे तेच सभेत नसतात. जुलैची मोजणी करून १५ ऑगस्टला आकडे वाचून दाखवावेत, दुरुस्त्या घ्याव्यात, आणि २ ऑक्टोबरला ठराव करावा. टोळ्या तेव्हा अजून गावात असतात, सह्या-अंगठे मिळतात.

ठरावात दोन्ही महिन्यांचे आकडे तुकड्यांनुसार लिहावेत. तांड्याच्या रस्त्यासाठी ४३० आणि ९५ ची बेरीज, प्रत्येक वस्तीचं तांड्यापासूनचं अंतर मीटरमध्ये, आणि नकाशावर ५०० मीटरचा घेर काढून. गाडीसाठी वरचा भारमानाचा तक्ता, जुलै आणि डिसेंबर दोन्हीचा. डिसेंबरचा आकडा लपवला तर आगार तो स्वतः काढतं. आपण होऊन दिला तर पुढची चर्चा त्या महिन्यांत काय करायचं यावर होते.

येती जनगणनाही फेब्रुवारीतच आहे. संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७ ची सुरुवात, आणि मोजणी पुन्हा तोडणीच्या भरात. २०११ नंतरची ही पहिली जनगणना, म्हणजे इथून पुढे बरीच वर्षं गावाचा आकडा तोच राहील. नियम बदलणं गावाच्या हातात नाही आणि खोटी हजेरी लिहून घेणंही बरोबर नाही. ती दुहेरी मोजणी ठरते. गावाच्या हातात आहे ते हे: २०२६ च्या दसऱ्याआधी कारखानानिहाय यादी करायची, कुठली कुटुंबं, किती माणसं, मुकादम कोण, तळ कुठल्या तालुक्यात. ती यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यामार्फत तहसीलदारांकडे द्यायची आणि तळाच्या तालुक्यातही कळवायला सांगायची. तोडणीवाल्यांना जाण्याआधी सांगायचं की फेब्रुवारीत तळावर प्रगणक येईल, त्याला सगळ्यांची नावं द्या, तान्ह्या लेकरांसकट, आणि तो आला नाही तर गावी फोन करून कळवा. मागे राहिलेल्या आजी-आजोबांना सांगायचं की घरी जे आहेत तेवढेच सांगा, आणि बाकीचे कुठल्या कारखान्याला गेलेत तेही सांगा. या यादीची एक प्रत ठरावासोबत ग्रामपंचायतीत ठेवायची, कारण २०२७ नंतर तांड्याची लोकसंख्या ३७५ आहे असं कुणी म्हणालं तर उरलेली १५० माणसं त्या दिवशी कुठं होती, हे दाखवणारा कागद दुसरीकडे कुठंही नसेल.